तळाचं पॅड

माझ्या धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हिनं लपवलं. बहिणीच्या यशानं ऊर भरून येतो म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांना एक तर बहीण नसते, नाहीतर बहिणीला यश नसतं.

आमचं फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. लांबट, अरुंद खोली. रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीखाली बाक, बाकावर स्पिरिटचा दिवा, चिमटे, लाखेच्या कांड्या, आणि बाक संपतो तिथं बाबांचं स्टूल. बाबांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं. आता डोळे अधू झालेत म्हणून कामाला हात लावत नाहीत, पण कान शाबूत आहेत, त्यामुळे माझी सुटका नाही. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला तरी त्यांना कळतं की रागानं ठेवला.

क्लॅरिनेटच्या नळीवर भोकं असतात आणि भोकांवर चाव्या. प्रत्येक चावीच्या पोटाला एक गोल पॅड लाखेनं चिकटवलेलं असतं. ते भोकावर घट्ट बसलं तर सूर नीट येतो, नाही बसलं तर हवा गळते आणि वाद्य चिरकतं. आमच्या दुकानाचा एक नियम आहे. पॅड बसवायच्या आधी बसवणाऱ्यानं त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आपली खूण आणि तारीख घालायची. वाद्य परत आलं की लाख खरवडायची, म्हणजे कुणाचा कान धरायचा ते कळतं. बाबांची खूण गोल. माझी दोन उभ्या रेघा.

लहानपणी आम्हा दोघी बहिणींत क्लॅरिनेट एकच होतं. तासभर मी, मग ती. मी वाजवायला लागले की रस्त्यावरची माणसं थांबायची, हे मी म्हणत नाही, समोरचा शिंपी म्हणायचा. धाकटीची पाळी आली की तोच शिंपी खिडकी लावून घ्यायचा. पुढे मी संगीत विद्यालयाच्या परीक्षेला बसले. मला घेतलं नाही. 'हात स्वच्छ आहे, पण वाजवण्यातून काही म्हणायचं नाही' असं त्यांनी कळवलं. मला काही म्हणायचं नाही. मी, जी जन्मात कधी गप्प बसले नाही.

त्याच वर्षी बाबांनी कुठूनसं एक मोडकं बेस क्लॅरिनेट आणलं. क्लॅरिनेटचा थोरला भाऊ म्हणा, उंच, वाकड्या मानेचं, खर्जात बोलणारं. बाबांनी ते दुरुस्त करून उभं केलं आणि धाकटीच्या हातात दिलं. तिची बोटं लांब आहेत म्हणे. माझी काय आखूड पडली होती? वर्षभरानं ती परीक्षेला बसली. आदल्या दिवशी बाबांनी मला पहिल्यांदा एकटीनं काम दिलं, तिच्याच वाद्यावरचं एक पॅड. मी ते बसवलं आणि दिलं. तिला विद्यालयात घेतलं. मी बाकावर बसले ती आजतागायत बसलेच आहे.

आता तिचा बँड आहे, चौघांचा. प्रायोगिक रॉक म्हणतात त्याला. एक गिटारवाला, एक बाई जी बटणांच्या डबीतून फ्रिज बिघडल्यासारखे आवाज काढते, आणि ड्रमवाला. त्याला सगळे घुम्या म्हणतात, कारण दिवसातून दोन शब्द बोलला तर बातमी होते. चौथी धाकटी. ती वाजवतेही आणि सगळं रचतेही तीच. एकेक रचना वीस-बावीस मिनिटांची. सात मात्रा, मग अकरा, मग मात्राच नाहीत. मी पहिल्यांदा ऐकायला गेले तेव्हा मला वाटलं अजून वाद्यं लावताहेत. शेजारचा माणूस डोळे मिटून डोलायला लागला तेव्हा कळलं, सुरू झालंय.

पण तिचा एक सूर आहे. खोटं बोलून काय मिळणार, तो ऐकला की माझ्याही अंगावर काटा येतो. खाली खर्जातला एक जाड स्वर सलग चाललेला असतो, आणि त्याच श्वासात वर दुसरा एक बारीक स्वर उठतो. थरथरतो, खालच्याशी भांडतो आणि शेवटी त्याच्याच मांडीवर येऊन बसतो. एका तोंडातून दोन आवाज. पेपरात लिहून आलं होतं, 'हिच्या घशात दोन माणसं राहतात.' बाबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी मी त्यातलं एक माणूस गाळलं. बाबा म्हणाले, "मघाशी दोन होती."

तर त्या सोमवारी सकाळी धाकटी वाद्य घेऊन दुकानात आली. गुरुवार-शुक्रवार तिच्या नव्या रेकॉर्डचं रेकॉर्डिंग होतं. शनिवारी घुम्या वर्षभरासाठी परदेशी निघणार होता, म्हणजे जे काही व्हायचं ते त्या दोन दिवसांतच. शेवटची मोठी रचना तीन वर्षं लिहीत होती ती. त्या रचनेत नऊ मिनिटं बाकीचे तिघं फक्त या दुहेरी सुराभोवती वाजवतात. सूर नाही तर रचना नाही, आणि रचना नाही तर रेकॉर्ड नाही.

"ताई, वरच्या जोडाचं कॉर्क झिजलंय," ती म्हणाली. "तेवढं बदल. बाकी कशाला हात लावू नकोस."

"का? माझ्या हातांना काय झालंय?"

"तुझ्या हातांना काय व्हायचंय. चाललंय ते चालू दे, एवढंच."

एरवी तिचं वाद्य माझ्याकडे आलं की ती बाकाशेजारी बसून राहायची, काम होईपर्यंत हलायची नाही. मला वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसा नाही. त्या दिवशी तिला तालमीची घाई होती. वाद्य ठेवलं, बाबांच्या पाया पडल्यासारखं करून त्यांच्या गुडघ्याला गुदगुल्या केल्या आणि गेली. बाबा तासभर हसत होते. माझ्या विनोदाला ते शेवटचं कधी हसले मला आठवत नाही.

कुणी 'हात लावू नकोस' म्हटलं की मला चैन पडत नाही. नळीचे तुकडे जोडतात तिथं गुंडाळलेलं ते कॉर्क मंगळवारी बदलून झालं, आणि मी खिडकीवर काळं कापड ओढलं.

"कॉर्क बदलायला अंधार कशाला?" बाबांनी विचारलं.

"डोळे दुखताहेत."

"तुझे?"

मी वाद्य उभं धरलं, सगळ्या चाव्या मिटल्या आणि वायरीला बांधलेला छोटा दिवा नळीत सोडला. आमची गळती शोधायची रीतच ती आहे. दिवा खाली सरकवत जायचं. पॅड नीट बसलं असेल तर बाहेर काळोख, नसेल तर कडेनं उजेड डोकावतो. दिवा खाली खाली गेला. सगळं काळं. आणि अगदी तळाच्या मोठ्या चावीखाली, एका बाजूला, नखाच्या कोरीएवढी उजेडाची फट दिसली.

मी दिवा काढला, वाद्य तोंडाशी धरून फुंकून पाहिलं. खर्ज लावला तो चिरकला, आणि वर एक बारीक शीळ वाजली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिच्या घशात राहणारं ते दुसरं माणूस म्हणजे एक नीट न बसलेलं पॅड होतं. एवढंच होय. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते त्या एका गळतीला. मला जो आनंद झाला तो सांगायलाही लाज वाटते. माझ्या लग्नात झाला नव्हता तेवढा झाला.

मग मी माझं काम केलं. चावी सोडवली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली, लाख मऊ झाल्यावर जुनं चामड्याचं पॅड उचललं. त्याची पाठ खरवडून पाहायची असते. मी पाहिली नाही. दुकानाचा नियम पहिल्यांदाच मोडला आणि पॅड तसंच जुन्या पॅडांच्या डब्यात फेकलं. नव्यावर दोन रेघा ओढल्या, बसवलं. परत दिवा सोडला. नळी वरपासून खालपर्यंत काळी. माझ्या कामाकडे कुणी बोट दाखवू शकत नाही.

आणि मी वाईट ते काय केलं? गळणारं वाद्य दुरुस्त केलं. डॉक्टरनं ताप उतरवला तर त्याला कुणी बोल लावतं का? हे सगळं मी माझ्याशीच बोलत होते, विचारलं कुणीच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बुधवारी दुपारी धाकटी वाद्य न्यायला आली. "कॉर्कचा गोंद ओला आहे," मी म्हटलं, "उद्यापर्यंत वाजवू नकोस." गोंद खडखडीत वाळला होता. ती बिचारी वाद्य पोटाशी धरून गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

गुरुवारी अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. "ताई, येतेस का जरा? येताना हत्यारं आण."

मी साडी बदलून गेले, हे आवर्जून सांगते.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एका गोदामाचा मागचा भाग होता. भिंतींना राखाडी फोम, जमिनीवर टेपनं चिकटवलेल्या वायरी, मोठ्या काचेपलीकडे यंत्रासमोर बसलेली रेकॉर्डिंगवाली. मधोमध खुर्चीत धाकटी, गुडघ्यांमध्ये वाद्य. बाजूच्या पेल्यात चार-पाच रीड भिजत पडलेल्या. रीड म्हणजे तोंडाशी बांधायची वेताची पातळ पट्टी, ती थरथरते तेव्हा वाद्य बोलतं. नऊ वाजल्यापासून धाकटी एकामागून एक बदलून पाहत होती.

मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. "बरं झालं ताई आल्या," गिटारवाला म्हणाला. धाकटीनं परत फुंकलं. खालचा सूर आला. गोल, भरलेला, स्वच्छ. माझं काम. आणि एकटाच आला. वर कुणी उठलं नाही.

"खोली गार आहे का?" गिटारवाल्यानं विचारलं. हीटर लावला. "माइक जवळ घेऊ?" रेकॉर्डिंगवालीनं विचारलं. घेतला. वाद्यात काही असेल असं कुणी म्हणेना, कारण ते ताईंच्या हातून कालच आलंय. धाकटीनं ओठ पुसले, परत लावले, मान वाकवली, डोळे मिटले. एकटा सूर. मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला मजा येत होती. म्हटलं, आता बोला. आता कुठे गेलं ते दुसरं माणूस?

मग धाकटीनं वाद्य आडवं घेतलं आणि तळाच्या चावीखाली बोट घातलं. बोट तिथंच राहिलं.

"हे नवीन आहे," ती म्हणाली.

"गळत होतं," मी म्हटलं. "मी या कामात मुरलेली बाई आहे. माझ्या हातून गळणारं वाद्य बाहेर जाऊ देऊ?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकटी नाही. ती त्या पॅडकडेच बघत होती.

"जुनं कुठंय?"

"टाकलं."

"बरं," ती म्हणाली. मग इतरांकडे वळली. "उद्या एक वाजेपर्यंत खोली आपली आहे. तोवर बघते मी."

बस. एवढंच. रीड उचलली, तोंडात घातली आणि परत सुरू. घुम्या ड्रममागून उठला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चहा घेणार?" दिवसाचे दोन्ही शब्द त्यानं माझ्यावर खर्च केले. मी नको म्हटलं आणि निघाले.

रस्त्यानं मी धुमसत होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. माझी सगळी वाक्यं तयार होती. फुकटचं कौतुक काय, गळक्या वाद्यावर नाव कमावणं काय. एकही वापरता आलं नाही. सगळी तशीच परत घेऊन आले.

दुकानात बाबा स्टुलावर बसले होते. "काय झालं तिकडे?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? तुमच्या लाडकीचं बिंग फुटलं. तो दोन माणसांचा सूर म्हणजे गळकं पॅड होतं, बाबा. मी बदललं, तर आता हिला काही येईना. नाचता येईना, अंगण वाकडं."

"कुठलं पॅड?"

"तळाचं मोठं."

बाबा स्टुलावरच माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पाठ पाहिलीस?"

"नाही."

"बघ."

मी डबा बाकावर उपडा केला. वर्षानुवर्षांची जुनी पॅडं, चामड्याची, चिवट कातड्याची, काही चिंचोक्याएवढी, काही नाण्याएवढी. तळाच्या चावीचं एवढं मोठं एकच होतं. मी नखानं त्याच्या पाठीवरची लाख खरवडली. खाली पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा होत्या आणि तेवीस वर्षांपूर्वीची तारीख. धाकटीच्या परीक्षेच्या आदल्या दिवसाची.

"तुझंच काम ते," बाबा म्हणाले. "तुझं पहिलं. तिनं त्या संध्याकाळी वाजवलं तर चिरकायला लागलं. मी म्हटलं, दे, मी बसवून देतो. तर नको म्हणाली. ताईचं पहिलं काम परत केलं तर ती पुन्हा बाकावर बसायची नाही, असंच वाजवते म्हणाली. बसली रात्रभर ओठ फाटेपर्यंत. मी नंतर दोनदा तिच्या वाद्याची सगळी पॅडं बदलली. ते एक सोडून. तसं वचनच घेतलं होतं तिनं माझ्याकडून. चुका काय, सगळ्यांच्याच होतात पहिल्या कामात."

चुका.

मी पॅड मुठीत घेऊन मागच्या मोरीत गेले आणि दार लावून घेतलं. माणूस नको ते किती सफाईनं विसरतं. मी धरून चालले होते की ते पॅड कधीच बदललं गेलं असेल, म्हणजे ते काम कधी झालंच नाही. आता सगळं समोर उभं राहिलं. त्या दिवशीही खिडकीला काळं कापड होतं. बाबांनी शिकवलं होतं तसं मी दिवा नळीत सोडला होता. तळाच्या पॅडच्या कडेला मला उजेड दिसला होता. दिसणारच, कारण मीच मागच्या बाजूला लाख जास्त घालून ते तिरकं बसवलं होतं. नखाच्या कोरीएवढं. उद्या परीक्षेत हिचा खर्ज चिरकावा, एवढंच मला हवं होतं. मी कापड बाजूला केलं, वाद्य पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "छान वाजव," असंही म्हणाले.

आणि ती समजत होती की ताई चुकली. माझी चूक झाकायला तिनं तेवीस वर्षं तो चिरका सूर ओठांनी धरून ठेवला, त्याला वळण लावलं, त्यातून एवढं सगळं उभं केलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त काय झालं सांगू? मला तिचा संताप आला. इतकी वर्षं मी हिच्यावर जळत होते आणि ही वर बसून माझ्यावर दया करत होती. जळणं परवडलं. जळायला निदान बरोबरीचं कुणीतरी लागतं.

एक वाट मला मोकळी होती. 'टाकलं' असं मी सांगून बसले होते. पॅड मोरीत टाकून पाणी सोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. शुक्रवारी एक वाजला असता, शनिवारी घुम्या गेला असता, रेकॉर्ड राहिली असती. मी नळ सोडलासुद्धा. मग पॅड पालथं केलं. त्याच्या चामड्यावर भोकाच्या कडेचा गोल वण उमटला होता, एका बाजूला खोल, एका बाजूला जेमतेम. तेवीस वर्षं ते चामडं माझ्या बाजूनं कललेलं राहिलं होतं. मी नळ बंद केला.

शुक्रवारी सकाळी दहाला मी स्पिरिटचा दिवा आणि लाख घेऊन गोदामात पोचले. या वेळी कालचीच साडी होती. धाकटीचे ओठ सुजले होते. गिटारवाल्यानं खुर्ची दिली नाही. बरोबरच होतं त्याचं.

"सापडलं," मी म्हटलं आणि पॅड टेबलावर ठेवलं.

धाकटीनं ते उचललं नाही. पालथं पडलं होतं, दोन रेघा वर. तिनं रेघा पाहिल्या, मग मला पाहिलं, आणि वाद्य पुढे केलं.

मी दिवा पेटवला, चावी सोडवली, नवीन पॅड काढलं. जुन्याच्या पाठीवर पेन्सिलीनं त्या दिवसाची तारीख घातली, मग लाख, मागच्या बाजूला जास्त. चावी जागेवर लावली, लाख मऊ असतानाच अंगठ्यानं एकदा दाबली, किंचित डावीकडे. सोडली. तपासायला दिवा लागलाच नाही. मला ठाऊक होतं, पहिल्या झटक्यात जमलंय. चूक असती तर जमली नसती. चूक परत तश्शीच कुणाला करता येते?

ते माझ्या लक्षात आलं त्याच क्षणी मी धाकटीकडे पाहिलं. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

"ते काम चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हाचं. मी मुद्दाम केलं होतं."

तिच्या तोंडात रीड होती. ती काढून म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तू कधी पॅड बसवण्यात चुकली आहेस का, ताई? तू दहा वर्षांची असताना बाबांच्या हाताखाली बसून त्यांच्यापेक्षा सरळ बसवायचीस."

"मग बाबांना ते सगळं का सांगितलंस? माझी दया आली म्हणून?"

"दया?" ती हसली, सुजल्या ओठांनी, वाकडं. "इतका राग आला होता मला. म्हटलं, पॅड बदलून घेतलं तर तू जिंकलीस. ह्याच्यावरच वाजवून दाखवते, हिनं जे बिघडवलंय त्यातूनच सूर काढते आणि हिला जन्मभर ऐकवते. रात्रभर तेच केलं." तिनं रीड बांधली. "मग सवय झाली. आता तो नसला तर मला वाजवल्यासारखं वाटत नाही."

"आणि बाकावर बसायची नाही वगैरे?"

"ते खरं होतं. तू बसली नसतीस तर माझं वाद्य कुणी बघितलं असतं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवालीनं हात वर केला, दारावरचा लाल दिवा लागला. मला बाहेर जायला वेळ नव्हता. मी हत्यारं मांडीवर घेऊन कोपऱ्यात जमिनीवर बसले. घुम्यानं काठ्या उचलल्या, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

धाकटीनं खर्ज लावला. तो चिरकला. तिनं जबडा जरासा पुढे घेतला, खालचा ओठ आत ओढला, गळ्याशी काहीतरी केलं जे मला दिसलं नाही, आणि त्या चिरकण्यातून दुसरा सूर उठला. बारीक, थरथरणारा, चिडका. नऊ मिनिटं तो खालच्याशी भांडला. बाकीचे तिघं त्याच्याभोवती वाजवत राहिले. शेवटी तो खाली आला तेव्हा माझ्या मांडीवरची हत्यारं वाजू नयेत म्हणून मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

रेकॉर्ड आली, गाजली. पेपरवाल्यानं परत त्या दोन माणसांबद्दल लिहिलं आणि मी ते बाबांना तीनदा वाचून दाखवलं, एकही माणूस न गाळता. तळाच्या पॅडच्या पाठीवर आता दोन तारखा आहेत, दोन्ही माझ्या खुणेच्या.

पण मी बदलले असं कुणी समजू नये. मध्यंतरी दुकानात दुसरं एक बेस क्लॅरिनेट आलं होतं. बाबा दुपारचे झोपले होते. मी त्याचं तळाचं पॅड काढलं आणि तसंच तिरकं बसवलं, मागे लाख जास्त, अंगठा किंचित डावीकडे. जबडा पुढे घेतला, ओठ आत ओढला आणि फुंकलं. मग परत फुंकलं. रोज दुपारी तासभर, असे अकरा दिवस फुंकलं. नुसतं चिरकतं.